खोपोलीचा चार तासांचा मुक्काम

पुणे-मुंबईच्या वाटेवर खोपोली आम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. पण ती मोटारीच्या काचेतून. गेल्या दिवाळीआधी मात्र त्या गावाने आम्हांला चांगले चार तास ठेवून घेतले.

बाबांना जुना बोरघाट पुन्हा पाहायचा होता, म्हणून द्रुतगती मार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून लोक ज्याला मानतात, त्या शिंग्रोबाला नाणे वाहिले आणि निघालो, तो चाक हलेना! आधी कण्हल्यासारखा आवाज, मग चाक जणू दगडात रुतलेले. ब्रेक शाबूत होते, एवढेच नशीब. मला घाम फुटला.

मागून बाबा म्हणाले, "उभ्या गाडीत चाकाशी झोंबू नकोस. गाडी हलू दे, मग वळव. आमच्या फियाटला कुठे होती ही चैन?"

ऐंशी उलटल्यावर बाबांच्या हातून गाडीची किल्ली मीच काढून घेतली होती. आता त्यांच्याच शब्दावर एकेक वळण उतरवत मी खाली आलो.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून निदान केले, "पंपाचं सील गेलंय. तेल सगळं वाटेत सांडलं. पंप काढावा लागेल." पोरगा मोटारसायकलवरून पनवेलला नवा पंप आणायला पिटाळला.

इंजिन निवेपर्यंत चहा झाला. मग मिस्त्रींनी बॅटरीची ऋण तार सोडली. डबीतले उरलेसुरले तेल पिचकारीने ओढून घेतले. बेल्ट कुठून कसा फिरतो, त्याचे चित्र खडूने फरशीवर काढले आणि मगच ताण सैल करून तो उतरवला. खाली ट्रे ठेवून दाबाची नळी सोडली. आत कचरा जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाला स्वच्छ फडके बांधले. शेवटी पुलीच्या भोकांतून पाना घालून बोल्ट काढले. नारळाएवढा पंप हातात आला.

"एवढाच?" सौभाग्यवती म्हणाली.

मिस्त्रींनी डोंगराकडे बोट दाखवले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून खाली येते आणि त्याच्या दाबावर टाटांचे वीजघर 1915 पासून चालते. "तिथं पाण्याचा दाब, इथं तेलाचा. दाब आहे तोवर कुणाला आठवण नसते, बाई."

नवा पंप बसला, नळीला नवे वायसर लागले, तेल भरले. आता आतली हवा काढायची होती. पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. तेल उतरेल तसे मिस्त्री डबीत भरणार होते.

"काका, बसता का चाकावर?" त्यांनी बाबांना विचारले. "पण किल्ली लावा हं, नाहीतर चाकाला कुलूप बसतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी किल्ली पुढे केली. गाडी जागची हलणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी बाबांनी आरसा नीट केला, सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि चाक हाती घेतले. डबीत बुडबुडे येत होते. ते थांबल्यावर मिस्त्री म्हणाले, "बस्स, काका."

बाबांनी आणखी दोन फेऱ्या मारल्या. कुणीच काही बोलले नाही.