बाटलीवरचे नाव

उन्हाळ्यात आम्ही खाडी ओलांडून गोराईला मसाल्याची बाटली आणायला जातो. ईस्ट इंडियन घरांतला हा मसाला कुटून बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरीत. उजेड लागत नाही, रंग टिकतो. म्हणूनच तो 'बॉटल मसाला'. परदेशी विकताना मात्र अडतो तो दुसराच शब्द. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, हे कंपनी सरकारच्या वारसदारांना कळावे म्हणून इथल्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. कॅनडात वा त्रिनिदादमध्ये तेच नाव कोणाही भारतीय वंशाच्या माणसाला लागते! मग ते बदलावे काय? आमच्या मते नाव तसेच ठेवावे. खाली फक्त गोराई, मनोरी, उत्तन ही गावे लिहावीत.