फुटलं वर, दिसलं टेलला

एफ१, एफ९, एफ८, एफ७ आणि पुढे चार वेळा ४०. पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी हे आठ बाइट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. यांच्यापायी माझ्या मित्राला प्रोजेक्टमधून काढलं, आणि चूक त्याची नव्हती.

साल १९९९. वायटूकेची धामधूम. पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही परदेशी विमा कंपनीचं मेनफ्रेमचं काम बघायचो. मी इंदापूर तालुक्यातला, तो बारामतीचा. बहुतेक प्रोग्रॅम कोबोलमधले, पण थोडे जुने असेंब्लरमधले होते. त्यांना कुणी हात लावायला तयार नसे, म्हणून ते आम्हा दोघांच्या गळ्यात पडले.

मित्रानं त्यातल्या एकात हप्त्यांची बेरीज ठेवायला नवं फील्ड टाकलं. पीएल८, म्हणजे आठ बाइटचं पॅक्ड, सुरुवातीलाच शून्य भरलेलं. चाचणीत सगळं सुरळीत चाललं. रात्रीच्या बॅचला मात्र पहिल्याच नोंदीवर सॉक-सेव्हन, म्हणजे एस०सी७. पॅक्ड आकडा हवा तिथे मशीनला भलतंच काही सापडलं की हा अबेंड येतो, प्रोग्रॅम मधेच बंद पडतो. डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची छापील प्रत, उघडला तर बोट नेमकं त्याच्या एपीच्या ओळीवर, बेरीज करणाऱ्या सूचनेवर. आणि बेरजेच्या फील्डमध्ये ते आठ बाइट.

सकाळी मीटिंग झाली. वरिष्ठांनी शेवटचे ४० ४० ४० ४० दाखवले. ४० म्हणजे आयबीएमच्या अक्षरसंचातली कोरी जागा. "फील्डमध्ये ब्लँक आहेत. शून्य भरायला विसरलास." तो म्हणाला, "सर, भरलंय. ओळ बघा ना." प्रोग्रॅमचं लिस्टिंग टेबलावरच होतं. ते पान कुणी उलटलं नाही. विमा कंपनीकडून फोनवर फोन येत होते. दुसऱ्या कुणीतरी ते फील्ड उचलून पार खाली नेऊन ठेवलं, प्रोग्रॅम चालला, आणि सगळ्यांची खात्रीच पटली की दोष फील्डचाच होता. अहवालातल्या कारणाच्या रकान्यात त्याचं नाव गेलं. आठवडाभरात तो बेंचवर आणि दोन महिन्यांत राजीनामा देऊन बारामतीला.

मला चैन पडेना. ४० सगळ्यांनी पाहिले, पण त्याआधीचे चार बाइट? ब्लँकच राहिले असते तर आठही ४० असते. एफ१ एफ९ एफ८ एफ७ हे अक्षरांत वाचलं की होतं १९८७. हप्त्यांच्या बेरजेत साल कुठून आलं? दोन आठवड्यांनी, एका रात्री, मी डंपमधली जागा वरून खाली मोजत गेलो. फील्डच्या लगेच वर होती इनएरिया, फाइलमधली नोंद आणून ठेवायची जागा. ८० बाइटची. आणि फाइलची नोंद? १०० ची. वायटूकेसाठी वरच्या टीमनं चार आकडी सालं शेवटी जोडून नोंद वाढवली होती. प्रोग्रॅमच्या डीसीबीत, म्हणजे फाइलचं वर्णन असतं त्या तक्त्यात, नोंदीची लांबी लिहिलेलीच नव्हती, ती ओपनच्या वेळी फाइलच्या लेबलवरून घेतली जायची. त्यामुळे ओपन बिनतक्रार. मग प्रत्येक गेटला, म्हणजे नोंद वाचताना, शंभर बाइट ऐंशीच्या जागेत ओतले जात. वरचे वीस खाली सांडत.

आधी का दिसलं नाही? आधी खाली छपाईची ओळ होती. ती दर वेळी पुसून मगच भरली जायची, म्हणून सांडलेलं कुणाला कळलंच नाही. मित्रानं नेमकं मधे आपलं फील्ड ठेवलं. आणि चाचणी केली जुन्या, ८० च्या फाइलवर.

आमचं रान नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. पाणी आलं नाही की वडील बॅटरी घेऊन चारीनं वर चालत जायचे. कुठे दार उघडं राहिलंय, कुठे बांध फुटलाय ते बघायला. कोरड्या वाफ्यात उभं राहून वाफ्याला कुणी शिव्या घालत नाही. डंपचंही तेच. अबेंड जिथे दिसतो तिथून वर चालत जायचं.

नव्यानं असेंब्लर करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: ओपननंतर डीसीबीतली लांबी आपल्या जागेच्या लांबीशी ताडून बघा, चार ओळींचं काम आहे. लोकेट मोडनं वाचत असाल तर रजिस्टर १ मधला पत्ता पुढच्या गेटपर्यंतच धरा, त्यानंतर तिथे तुमची नोंद असेल याचा भरवसा नाही. आणि ईओडीएडी, म्हणजे फाइल संपल्यावर कुठे जायचं तो पत्ता, द्यायला विसरू नका, नाहीतर फाइल संपली की एस३३७ अबेंड.

मी वरिष्ठांना कागदावर सगळं काढून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. ८० चे १०० कर आणि बंद कर विषय." मी केले. त्या माणसाचा मला कितीतरी वर्षं राग होता. पुढे मीच लीड झालो. रात्री तीनला फोन आला की माझ्याही तोंडून पहिला प्रश्न तोच निघायचा, "शेवटचा हात कुणाचा?" आणि बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडायचं, हेही खरं. त्या सकाळी वरिष्ठांच्या जागी मी असतो तर वेगळं वागलो असतो, असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही. पण लिस्टिंगचं पान उलटायला किती वेळ लागतो?

मागच्या वर्षी भिगवणला चिलापी खाताना मी मित्राला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. आठही बाइट म्हणून दाखवले. तो ऐकत राहिला, काटे बाजूला काढत राहिला. मग म्हणाला, "कारणाचा रकाना बदललास का रे?"

नव्हता बदलला. विषय बंद कर म्हणाले, म्हणून मी बंद केला होता.