मधली केबल

आमच्या सिंधुदुर्गात कार्तिकापासून देवळादेवळांत जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दशावतार रंगतो. या नाटकाला छापील संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, संवाद नटमंडळी उभ्या उभ्या रचतात. आजचा प्रयोग उद्या तसाच होत नाही, म्हणून हे प्रयोग कॅमेऱ्यात टिपून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं आणि मी ते करतो. रात्रीच्या कमी उजेडातल्या चित्रीकरणात दाणे फार येतात. ते साफ करण्याचं ओझं पडतं ग्राफिक्स कार्डावर. माझं 6 जीबीचं जीटीएक्स 1060 फोर-केला पुरेना. एक्स्पोर्ट अर्ध्यावर आलं की मेमरी संपायची. म्हणून 12 जीबीचं आरटीएक्स 3060 घेतलं.

घर लहान, टेबल अरुंद, त्यामुळे माझं कॅबिनेटही छोटं आहे. त्यात कार्ड थेट मदरबोर्डावर उभं राहत नाही. ते बोर्डाच्या पाठीमागे बसतं आणि रायझर केबल नावाची चपटी, रुंद पट्टी त्याला बोर्डाच्या स्लॉटशी जोडते. जुनं कार्ड काढलं, नवं त्याच पट्टीवर बसवलं, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची आठ पिनांची वायर जोडली आणि बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावरचे दिवे लागले, पण मॉनिटर काळाच.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘सप्लायला लोड झेपत नसेल. एसएमपीएस बदलून टाका.’’ सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता, पण हिशेब जुळत नव्हता. स्लॉटमधून कार्डाला 75 वॅट मिळू शकतात, आठ पिनांच्या वायरीतून 150. या कार्डाची गरज 170 वॅटची आणि माझा एसएमपीएस 600 वॅटचा. शिवाय अजून विंडोजसुद्धा सुरू झालं नव्हतं. कार्डावर लोड येणार कुठून?

मदरबोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. बटण दाबलं की बोर्ड याच क्रमाने एकेक भाग तपासतो आणि जिथे अडतो तिथला दिवा लागून राहतो. दोन्ही बाजूंची झाकणं काढून पाहिलं. पहिले दोन दिवे लागून विझले, व्हीजीएचा मात्र विझेना. म्हणजे प्रोसेसर ठीक, रॅम ठीक. रॅम काढून खोडरबराने घासत बसायचं कारण नव्हतं. माझ्या रायझन 5600 मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे कार्ड सापडलं नाही तर बायॉसचा पडदाही दिसत नाही.

भाचा डिप्लोमाला आहे, तो मदतीला आला. वायर भिंतीतून काढली, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि बोर्ड बाहेर काढून लाकडी टेबलावर ठेवला. आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. नवं कार्ड केबलशिवाय थेट स्लॉटमध्ये बसवलं. डिस्प्ले आला! कार्ड चांगलं, सप्लाय चांगला. मग जुनं कार्ड केबलवर लावलं. तरीही डिस्प्ले आला, म्हणजे केबलही चालते. नवं कार्ड केबलवर लावलं की मात्र पुन्हा अंधार.

‘‘मामा, दोन्ही चांगले आहेत तर एकत्र का चालत नाहीत?’’ भाच्याने विचारलं. खरा प्रश्न तोच होता.

उत्तर वेगात होतं. 1060 हे 2016 चं कार्ड, बोर्ड आणि कार्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीचं. दर लेनवर सेकंदाला 8 अब्ज वेळा माहिती उचलली-ठेवली जाते. 3060 चौथ्या पिढीचं, तिथे हा वेग 16 अब्ज. माझा बी550 बोर्डही चौथ्या पिढीचा. सुरू होताना बोर्ड आणि कार्ड आधी अगदी हळू बोलतात, एकमेकांची क्षमता विचारतात आणि दोघांना झेपेल त्या सर्वांत वरच्या वेगावर जातात. मधल्या केबलला कुणी विचारत नाही. तिला तसं सांगण्याची सोयच नाही. माझी केबल तिसऱ्या पिढीची होती. वेग दुप्पट झाल्यावर तिच्यातून जाणारा सिग्नल इतका क्षीण होत होता की पलीकडे तो वाचताच येत नव्हता.

मग जुनं कार्ड लावून बायॉसमध्ये शिरलो. पीसीआय स्लॉटचा वेग ‘ऑटो’वर होता, तो ‘जेन 3’ केला, सेव्ह केलं, मशीन बंद केलं. नवं कार्ड केबलवर चढवलं आणि बटण दाबलं. व्हीजीएचा दिवा लागला, क्षणभर थांबला आणि विझला. मॉनिटरवर बोर्डाचं चिन्ह उमटलं तेव्हा आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

वेग कमी केल्याने काम मंदावलं का, असं काही जण विचारतात. माझ्या कामात तरी फरक जाणवत नाही. दाणे काढण्याचं गणित कार्डाच्या आत, त्याच्याच मेमरीत चालतं. मधल्या रस्त्याची रुंदी तिथे फारशी आड येत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. बोर्डावरचा सीआर2032 सेल संपला किंवा बायॉस अपडेट केलं, तर सेटिंग परत ‘ऑटो’वर जाऊ शकतं आणि पडदा पुन्हा काळा होईल. म्हणून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘केबल तिसऱ्या पिढीची. स्लॉट जेन 3 वर ठेवणे.’ उद्या माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी हे मशीन उघडलं, तर त्याने चांगला एसएमपीएस किंवा चांगलं कार्ड भंगारात काढू नये, एवढ्यासाठी ती आहे.