चालू आहे, फक्त सेल नाहीत

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघालो की बायको विचारते, "भाजीची की भंगाराची?" तिला उत्तर माहीत असतं. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. बुधवारी ऑफिस असतं, म्हणजे उरला रविवार.

त्या बाजारात जमिनीवर ताडपत्री अंथरून काय काय मांडलेलं असतं! रिमोट हरवलेले डीव्हीडी प्लेअर, चार्जर नसलेले मोबाईल, आणि शेजारीच मोबाईल नसलेले चार्जर. कुठलीही वस्तू उचला, विकणाऱ्याचं वाक्य ठरलेलं: "चालू आहे साहेब, फक्त सेल नाहीत." म्हणून अस्मादिक खिशात सेल घेऊनच जातात. ते बाहेर काढले की वाक्य बदलतं. "मगाशी तर वाजत होता!"

इतक्या वर्षांत थोडी अक्कल आली आहे. सेलच्या खाचेत पांढरी-हिरवी पूड साचलेली दिसली तरी घाबरू नये, पत्री आणि स्प्रिंग शाबूत असतील तर घासून काम भागतं. आवाजाचं बटण फिरवताना होणारी खरखर बहुतेक वेळा धुळीची असते, ती जाते. टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झालेला असतो, तो बदलता येतो. मात्र लिथियमची बॅटरी फुगलेली असेल तर ती वस्तू फुकट दिली तरी घरी आणू नये. बाकी कॅपॅसिटर, वायर वगैरे बारीकसारीक सामान तापकीर गल्लीत मिळतं. साठ रुपयांच्या रेडिओला दीडशेचं सामान, असा आमचा व्यवहार!

मागच्या वर्षी हिशेब मांडून पाहिला. एकूण १४ वस्तू, खर्च ३,१०० रुपये, त्यातल्या चालू झालेल्या ५. बायको म्हणाली, "यात एक चांगला नवा रेडिओ आला असता." गणित तिचं बरोबर आहे. मग मी हे का करतो? याचं उत्तर मला गेल्या महिन्यापर्यंत देता येत नव्हतं.

१९८७ सालची गोष्ट. आम्ही साताऱ्याला होतो, मी दहा वर्षांचा. घरात टीव्ही नव्हता, अण्णांचा दोन बँडचा ट्रान्झिस्टर होता. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत, अण्णा ऑफिसला गेलेले असताना, मी त्याचं मागचं झाकण उघडलं. आतून आवाज कसा येतो ते बघायचं होतं, बस्स. काटा सरकवणारा बारीक दोरा चाकांवरून घसरला तो घसरलाच. कसा गुंडाळलेला होता ते काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, वानखेडेवर वर्ल्डकपची सेमीफायनल होती. अण्णांनी वाण्याच्या दुकानाबाहेर उभं राहून कॉमेंट्री ऐकली. ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ धावा काढल्या आणि आपण ३५ धावांनी हरलो. ती मॅच माझ्यामुळे हरली असं मला बरेच दिवस वाटत होतं. अण्णा मारकुटे नव्हते. एवढंच म्हणाले, "जे जोडता येत नाही ते उघडू नये."

असो. तर गेल्या महिन्यात लेकीने माझा नवा हेडफोन उघडला. एका कानाला आवाज येत नव्हता, म्हणून दुरुस्त करत होती. मी जोरात ओरडलो, आणि माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं, शब्दाला शब्द. ती काही बोलली नाही. काढलेले स्क्रू एका वाटीत नीट ठेवले होते, ती वाटी तिने माझ्यासमोर सरकवली आणि आत निघून गेली.

त्या वाटीकडे बघताना उत्तर सापडलं. जुन्या बाजारात मी स्वस्त वस्तू घेत नाही. जी बिघडली तरी कुणाची मॅच चुकणार नाही अशी वस्तू घेतो. उघडायची परवानगी विकत घेतो म्हणा ना! आणि ही परवानगी मी इतकी वर्षं एकट्यालाच आणत होतो.

पुढच्या रविवारी लेकीला घेऊन गेलो. आदल्या संध्याकाळी तिची माफी मागितली होती, ती तिने लगेच मान्य केली नव्हती. बाजारात मात्र तासभर रमली आणि तिने एक दोन बँडचा ट्रान्झिस्टर निवडला. ८० रुपये. डायलचा दोरा तुटलेला. मी नको म्हणणार होतो, नाही म्हणालो.

दोरा ओवायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. कुठल्या चाकावरून किती वेढे, हे तिने कागदावर चित्र काढून शोधलं. मी फक्त चिमट्याने टोक धरून बसलो होतो. चौथ्या दिवशी रात्री मीडियम वेव्हवर खरखरीतून कुणीतरी बोलताना ऐकू आलं, बहुधा कानडीत बातम्या होत्या. आम्ही दोघांनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या.

मग साताऱ्याला फोन लावला आणि रेडिओ फोनजवळ धरला. अण्णांना सगळं सांगितलं. चित्र, चाकं, दोरा, नात.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग विचारलं, "कितीला घेतला?"

"ऐंशीला."

"महाग पडला," अण्णा म्हणाले. "तिला दे फोन."