पाच बैलजोड्या

लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू मेजवानीची एक गोष्ट सांगतो. आमंत्रण दिलेले लोक ऐनवेळी येत नाहीत. एकानं शेत घेतलंय, एकानं पाच बैलजोड्या, एकाचं नुकतंच लग्न झालंय. लातूरकडच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे सोयाबीन काढणीला आलं की रविवारची उपासना अर्धी रिकामी. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, एवढाच फरक.

माझी बैलजोडी म्हणजे बाइक. नांदेडला नोकरी लागल्यावर हप्त्यांवर घेतली, गावी जाता यावं म्हणून. आजीला दिसायचं कमी झालं होतं. रविवारी येऊन एक अध्याय वाचून दाखव, एवढंच तिचं मागणं. मी फोनवर सांगायचो, 'आजी, हप्ता भरायचाय, रविवारी ओव्हरटाइम आहे.' सात महिने असेच गेले.

ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही. खरं तर त्यांच्यापेक्षा घर सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाईंचाच विचार मला आधी येतो. (हीसुद्धा सबबच असेल.) पण मला कुणी नोकरी सोडायला सांगितलंच नव्हतं. एक रविवार मागितला होता.

गेल्या महिन्यात गेलो. आजीनं नेमका लूक चौदा काढायला लावला. बैलजोड्यांपाशी माझा आवाज अडखळला.

'हप्ते किती राहिले रे?'

'अकरा.'

'बरं. वाच की पुढं.'