खापर कुणाच्या डोक्यावर?

आमच्या गावाचं नाव खापर. तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं गाव; गुजरातची हद्द जवळच. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो आधी दचकतो, मग हसतो आणि मग तोच विनोद करतो, जो त्याच्या आधी निदान चारशे जणांनी केलेला असतो. "म्हणजे सगळे तुमच्याच गावावर फोडतात की काय?" आम्हीही चारशे वेळा हसलेलो आहोत. पाहुण्याला एवढं तरी सुख द्यावं.

पण खरं सांगायचं तर खापर फोडण्याच्या कलेत आमचं गाव काही विशेष पुढे नाही. ती कला घरोघरी आहे, आणि तिचा खरा बहर बघायचा असेल तर घरातला एखादा नळ फुटावा लागतो. घराला आग लागली तर माणूस पाणी शोधतो. चोर शिरला तर काठी शोधतो. घरात पाणी शिरलं तर मात्र माणूस गुन्हेगार शोधतो. न्हाणीघरातून लोट वाहतो आहे, पायपुसणं होडीसारखं बैठकीच्या दिशेने निघालं आहे, आणि घरातली चार शहाणी माणसं पाण्यात उभी राहून एकमेकांना विचारताहेत, "शेवटी कोण गेलं होतं आत?"

साधा गळका नळ घ्या. टपटप वाजणारा नळ दिवसा कुणाला ऐकू येत नाही; रात्री अकरानंतर तो कीर्तनाला बसतो. मी एकदा रात्री दहाला त्याच्याखाली बादली ठेवली. सकाळी सहाला ती निम्मी भरलेली होती. मी ही गोष्ट शास्त्रीय शोध म्हणून सांगितली, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही तो नीट आवळत नाही." चिरंजीव म्हणाले, "आई फार आवळते." वास्तविक दोष दोघांचाही नव्हता, आतला रबरी वॉशर झिजला होता. असा नळ जितका करकचून आवळावा तितका वॉशर लवकर मरतो. पूर्वी चांभाराकडून कातड्याचे वॉशर कापून आणत. आता रबराचा मिळतो, चहाच्या कपाहून स्वस्त. पण पाणी बंद करून, नळाचं डोकं खोलून तो बसवायला दहा मिनिटं लागतात, आणि आवळण्याविषयीची चर्चा तीन आठवडे चालते. माणूस चर्चाच पत्करतो.

तुंबलेल्या मोरीची तीच कथा. जाळीत केस निघाले की लांब केसांवर संशय, भात निघाला की पुरुषांवर. इथे उपाय सोपे आहेत. जाळी काढावी, रबरी पंपाने चार दणके द्यावेत, धुण्याचा सोडा आणि गरम पाणी ओतावं. हट्टी मोरी असेल तर बांबूची लांब चिवट पट्टी आत सारावी. एवढं मात्र हात जोडून सांगतो, की चिडून अॅसिडची बाटली ओतू नका, आणि ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत तर मुळीच नको. त्या दोघांच्या भेटीतून क्लोरीन वायू निघतो, आणि मग खापर फोडायला घरात कुणी शिल्लक राहीलच असं नाही.

बेसिनखालच्या वाकड्या नळीवर मात्र कुणी उगाच राग काढू नये. असलं वळण अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या एका घड्याळजीने १७७५ साली संडासाखाली बसवून त्याचं पेटंट घेतलं. त्या वळणात नेहमी थोडं पाणी साठून राहतं आणि गटारातला वास वर येऊ देत नाही. महिनाभर घर बंद असलं की ते पाणी सुकतं. गावाहून आल्या आल्या "काहीतरी मेलंय" म्हणून कपाटं उपसण्याआधी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावं. निम्मे उंदीर तिथेच जिवंत होतात.

टाकीचं प्रकरण सार्वजनिक असतं. वरच्या टाकीतला फुगा फुटला, त्यात पाणी शिरलं की तो तरंगायचं सोडून बुडतो, नळी बंद होत नाही आणि टाकी वाहू लागते. मग शेजारचे नाना अंगणातून आरोळी देतात, "सर, टाकी भरनी!" सगळ्या गल्लीला कळतं की सरांच्या घरी मोटार चालू आहे. फुगा काढून, आतलं पाणी झटकून, त्याला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली तर नवा आणेपर्यंत तो पुन्हा तरंगतो. हे मला नानांनीच शिकवलं. आरोळीचा मोबदला म्हणून मी ते मान्यही करतो.

आता मुख्य गोष्ट: चावी. घरात येणारं पाणी जिथे अडवता येतं ती चावी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. आमच्याच रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला बऱ्हाणपूर आहे. तिथे मोगलांच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. कुंडी भंडारा म्हणतात त्याला. पंप नाही, वीज नाही, सगळा उताराचा खेळ. पण मला कौतुक वाटतं ते वाटेवर ओळीने खोदलेल्या शंभरावर कुंड्यांचं. पाणी कुठे अडलं हे बघायला माणसाला उतरता यावं, अशी जागा त्यांनी ठेवली. आमचं घर बांधलेलं १९९८ सालचं. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला ते वर्ष. चार शतकांनंतरच्या आमच्या मिस्त्रीने एकच चावी बसवली, तीही गच्चीवर, टाकीच्या मागे, जिथे फक्त पारव्यांना सहज जाता येतं.

दोन वर्षांपूर्वी आखाजीला लेक माहेरी आली. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. झोके, आमरस, खापरावरचे मांडे, आणि पितरांसाठी घागर भरायची. यंदा विशेष म्हणजे तिला पोचवायला पुण्याहून व्याही आणि विहीणबाई आले होते. त्यांची पहिलीच खेप. सौ. पंधरा दिवस घर घासत होत्या. वैशाखातली बोअर, पाण्याची धार करंगळीएवढी. लाईट होती तोवर मोटार चालवून हजार लिटरची टाकी कशीबशी भरून ठेवली होती. वावटळ आली आणि लाईट गेली. तेवढ्यात व्याही अंघोळीला गेले.

पाच मिनिटांत आतून आवाज आला, "अहो, जरा इकडे येता का?" आवाज अगदी सभ्य होता. माणूस नाटकाचं तिकीट विचारतो तसा. दार किलकिलं झालं. अंगाला साबण, कमरेला पंचा, आणि हातात नळ. आख्खा नळ! आट्यांचा तुकडा भिंतीत राहिला होता आणि त्यातून पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आपटत होती.

अशा वेळी आमच्या घरात काय घडतं हे वर सांगितलंच आहे. पण त्या दिवशी वेगळाच पेच पडला. 'कुणी केलं' हे सगळ्यांना दिसत होतं आणि ते उच्चारायची कुणाची छाती नव्हती. मुलीच्या सासऱ्याच्या डोक्यावर खापर फोडेल असा बाप अजून खानदेशात जन्मायचा आहे. त्यामुळे ते खापर बेवारशासारखं घरभर फिरू लागलं. "मेला नळच जुना," सौ. म्हणाल्या. "पाण्यात क्षार फार," मी म्हणालो. "आमच्याकडे पितळी असतात ना, म्हणून ह्यांना सवय नाही," विहीणबाई म्हणाल्या. सौ.चा चेहरा पडला. पुण्याच्या बिल्डिंगीत उद्या काय सांगितलं जाणार हे तिला स्पष्ट ऐकू येत होतं: सुनेच्या माहेरी नळ हातात येतो! लेक दोघींच्या मध्ये उभी. कुणाच्या बाजूने बोलावं ते तिला कळेना. शेवटी ती मुकाट्याने फरशीवरचं पाणी लोटू लागली आणि विहीणबाई म्हणाल्या, "अगं, तू कशाला?" ते प्रेमाने होतं की टोमणा, यावर सौ. पुढे सहा महिने विचार करत होत्या.

मी गच्चीवर धावलो. चावी धरली, फिरवली. ती फिरली. आणखी फिरवली, आणखी फिरली. उजवीकडे, डावीकडे, कशीही. आतला दांडा तुटला होता. नुसतं चाक यात्रेतल्या पाळण्यासारखं गरगरत होतं. मग दुसरा उपाय: टाकीत वरून हात घालून तळाच्या भोकात फडका कोंबायचा. उपाय उत्तम आहे, फक्त त्याला टाकीइतका लांब हात लागतो. मी खांद्यापर्यंत पाण्यात होतो आणि बोटं भोकाच्या हातभर वर वळवळत होती. घागर भरून पितरांना पाणी देण्याचा तो दिवस. आमच्या घरातून मात्र बापापासून खापरपणजोबापर्यंत सगळ्यांना पुरून उरेल इतकं पाणी मोरीतून चाललं होतं.

आणि एकदम धारेचा आवाज थांबला.

खाली आलो तर न्हाणीघरात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी उभ्या. मांड्यांच्या गडबडीला म्हणून त्या दिवशी थांबल्या होत्या. त्यांचं माहेर मोलगीच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर. उन्हाळ्यात तिथे नाल्याच्या वाळूत झिरा उकरायचा, पाणी पाझरेपर्यंत बसायचं आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. आमची परिषद रंगात आली असताना त्यांनी आधी धारेखाली घरातली एकूण एक भांडी लावली होती, पुरणाचं पातेलंसुद्धा. मग चुलीशेजारच्या सरपणातली अंगठ्याएवढी काठी घेतली, विळीवर तिचं टोक तासलं, जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, भिंतीतल्या भोकात बसवली आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने तीन टोले दिले. पाणी बंद. व्याह्यांच्या डोळ्यांत साबण गेला होता, म्हणून त्यांना एवढंच कळलं की पाणी थांबलं आणि मी ओला होऊन आलो. "वा सर! चावी अगदी वेळेवर बंद केलीत," ते म्हणाले. "चावी नुसती फिरते आहे," मी म्हणालो, "हे काम मावशींचं." त्यांनी डोळे चोळून खुंटीकडे बघितलं. मावशींनी त्यांच्यापुढे एक भरलेली बादली सरकवली आणि मांड्याचं पुरण बघायला निघून गेल्या. बोलायला त्यांना वेळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर व्याह्यांनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "मी जरा उलटाच फिरवला होता बहुधा. जोर लावून." मी म्हटलं, "छे हो, नळच जुना." त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. पुण्याला गेल्यावर त्यांनी म्हणे आपल्या फ्लॅटमधल्या सगळ्या चाव्या शोधून प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली, आणि सुनेला बरोबर घेऊन एकेक फिरवून पाहिली. लेकीने फोनवर हे सांगितलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. सौ.नी मग तेवढा भाग तिच्याकडून दोनदा सांगवून घेतला.

आमच्याकडे प्लंबर अकराव्या दिवशी आला. इंग्रजीतला हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून आलेला आहे, कारण रोमन लोकांचे नळ शिशाचे असत. आमच्या प्लंबरचे पायही शिशाचे असावेत. त्याने गच्चीवरची चावी बदलली, मी सांगितल्यावरून न्हाणीघराबाहेर हाताला येईल अशी दुसरी बसवली आणि मग आत जाऊन भिंतीतल्या खुंटीपाशी थबकला.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

सवयीने आम्ही सगळे गप्प झालो. सौ. छताकडे बघू लागल्या. चिरंजीव मोबाईलमध्ये शिरले.

"मी," मोरीतून भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या.

प्लंबरने पाना लावला, मग चिमटा लावला, मग दोन्ही पाय भिंतीला लावले. ती खुंटी काढायला त्याला पाऊण तास लागला, आणि त्याचे पैसे त्याने वेगळे घेतले.