ओव्हिलेरच्या पाट्या

मद्याचे नाव काढले की आपल्याकडे भुवया उंचावतात. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकते, की हा लेख शॅम्पेनच्या प्याल्याविषयी नाही. त्या पेयाशी ज्याचे नाव जोडले गेले, अशा एका खेड्याविषयी आहे. फ्रेंच विषय घेतल्यामुळे त्या खेड्याची माझी ओळख झाली, तीही पुस्तकांतूनच.

एपेर्ने शहराजवळ, मार्न नदीच्या खोऱ्यावर ओव्हिलेर वसले आहे. वस्ती हजाराच्या आतली. भोवती उतारावर द्राक्षमळे. सातव्या शतकात येथे ख्रिस्ती मठ स्थापन झाला. नवव्या शतकात त्या मठात आर्चबिशप एबो यांच्यासाठी शुभवर्तमानांची एक सचित्र पोथी तयार झाली. तिच्यातील संतांच्या वस्त्रांच्या चुण्या वाऱ्याने थरथरत असल्यासारख्या वाटतात. पोथी आज एपेर्नेच्या ग्रंथालयात आहे, पण ती रंगवणाऱ्यांची आठवण कोणाला? गावाची ख्याती एकाच नावावर उभी आहे : दों पेरिन्यों.

हे साधू 1668 मध्ये मठाचे कोठीप्रमुख झाले आणि 1715 मध्ये मरेपर्यंत ते काम त्यांनी केले. फेसाळती शॅम्पेन त्यांनी शोधली, अशी आख्यायिका आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी! कडाक्याच्या थंडीत रस आंबण्याची क्रिया अर्धवट थांबे, वसंतात ती बाटलीतच पुन्हा सुरू होई, आत वायू कोंडे आणि बाटल्या फुटत. पेरिन्यों यांच्या लेखी बुडबुडे हा दोषच होता. साखर घालून मद्य फसफसते कसे करतात, हे इंग्लंडात क्रिस्टोफर मेरेट यांनी 1662 मध्येच नोंदवले होते. राज्यक्रांतीत मठ बंद पडला. पुढे 1821 मध्ये तिथल्याच एका जुन्या साधूने पत्र लिहून सारे श्रेय पेरिन्यों यांना दिले आणि व्यापाराने ती कथा डोक्यावर घेतली.

मग त्यांचे खरे कर्तृत्व कोणते? वेल कडक छाटून थोडे पण कसदार पीक घेणे, निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचा मेळ घालणे आणि 47 वर्षांची चिकाटी. मला तर हे आख्यायिकेहून मोठे वाटते.

कारण मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत वाढले. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, हेच आमच्या घरचे पंचांग. गावात तिला ‘आप्पांची बाग’ म्हणतात. वेल आजोबांनी लावले, हे खरेच. पण मान मोडेपर्यंत वर पाहत घडांची विरळणी केली ती आईने, मोठ्या काकूने आणि पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या बायांनी.

ओव्हिलेरमध्ये घरांवर लोखंडी पाट्या टांगलेल्या असतात. कुठे पाववाला, कुठे पिंपे बनवणारा, कुठे मळेकरी. ज्याचा त्याचा धंदा चित्रात घडवलेला. 2015 मध्ये शॅम्पेनचे उतार, तळघरे आणि व्यापारी पेढ्या युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या, त्यांत या गावचे मळेही आले. पण मला त्या पाट्यांचेच अप्रूप. चर्चमध्ये पेरिन्यों यांची समाधी एक, गल्लीतल्या पाट्या अनेक. वारसा म्हणजे एका नावाचा जयघोष नव्हे. राबणाऱ्या हातांची मोजदादही त्यात हवी.

यंदा आमच्या द्राक्षांच्या खोक्यांवर नाव छापायचे घाटत आहे. आप्पांच्या नावाशेजारी आईचे आणि काकूचे नाव यावे, असे मी सुचवले. वडील म्हणाले, “आप्पांचं नाव व्यापाऱ्यांना ठाऊक आहे.” आई हसली. पण रात्री भांडी आवरताना तिने हळूच विचारले, “त्या पाट्यांवर बायकापण आहेत का गं?”